हाफ-लाइफ 2 : काय जमलं, काय अर्धवट राहिलं

काळीमाती · रविवार, रात्री 9:10

हाफ-लाइफ 2 वर मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा धागा काढतोय. व्हॉल्व कंपनीचा हा कॉम्प्युटरवरचा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, 16 नोव्हेंबर 2004 चा. पण आमच्या दारव्हा तालुक्यात पोरांकडे जे लॅपटॉप आहेत, ते बहुतेक थोरल्या भावाने पुण्याला नोकरी लागल्यावर घरी ठेवलेले. त्यांच्यावर नवा शूटर उघडतसुद्धा नाही. हा उघडतो आणि बरा चालतो. त्यामुळे इकडे दर सुट्टीत कुणीतरी तो पहिल्यांदाच खेळायला घेतं आणि मग त्यावर तावातावाने बोलणं होतं. कथा उघड होणार आहे, ज्यांचा खेळायचा बाकी असेल त्यांनी जपून वाचावं.

माझं मत सरळ सांगतो. हा दुसरा भाग जागा उभी करण्यात पहिल्याच्या फार पुढे गेला आणि गोळीबारात मागे पडला. शूटरमध्ये शूटिंगच कच्चं असेल तर तो गेम वाईट म्हणायला हवा, पण हा वाईट नाही, उलट मी खेळलेल्या शूटरांत पहिल्या दोन-तीनांत धरतो. असं का, तेच इथे मांडायचं आहे.

सुरुवात रेल्वे स्टेशनवर होते. हातात काही नाही. वर मोठ्या पडद्यावर शहराचा कारभारी डॉ. ब्रीन लोकांना समजावतोय. एक जण दबल्या आवाजात सांगतो की इथलं पाणी पिऊ नका, त्यात काहीतरी घालतात, मागचं आठवत नाही. पुढे एक शिपाई डबा खाली पाडतो आणि तुम्हालाच उचलून कचरापेटीत टाकायला लावतो. टाकला तर हसतो आणि वाट सोडतो. त्याच्या अंगावर फेकला तर दांडका घेऊन मागे लागतो. या दोन मिनिटांत तीन गोष्टी झाल्या: वस्तू उचलायची-फेकायची कळ कळली, राज्य कुणाचं आहे ते कळलं, आणि त्या शिपायाचा राग आला. एकही पाटी वाचावी लागली नाही.

बाहेर पडलं की इमारतींच्या मधल्या अंगणात झोके आणि घसरगुंडी आहे. मूल एकही नाही. ब्रीनच्या भाषणात नीट लक्ष दिलं तर कारण कळतं: परग्रहावरून आलेल्या कम्बाइनने माणसांचं प्रजनन थांबवणारं क्षेत्र लावून ठेवलं आहे. ज्याने भाषण ऐकलं नाही त्यालाही ते अंगण खटकतं. पुढे समुद्रकिनाऱ्यावर जा. धक्के आणि जेट्टी पाण्याच्या कितीतरी वर, होड्या कोरड्यात पडलेल्या. समुद्र मागे हटलेला आहे आणि त्याबद्दल वाटेत कुणी भाषण देत नाही. तुमच्या लक्षात आलं तर आलं.

आता ग्रॅव्हिटी गन, म्हणजे वस्तू ओढून घेऊन फेकणारी बंदूक. ती हातात दिल्यावर बंडखोरांमधली अ‍ॅलिक्स तुम्हाला डॉग नावाच्या यंत्रमानवाबरोबर चेंडू झेलायला लावते. वाटतं पोरखेळ चाललाय. लगेच पुढचं गाव रेवनहोम. तिथल्या एका खोलीत भिंतीत करवतीची गोल पाती रुतलेली आहेत, बाजूला अर्धा कापलेला झोंबी पडलेला आहे. पुढे जायचं तर पातं ओढून काढावं लागतं. ते काढलं, ग्रॅव्हिटी गनच्या टोकाशी आलं, आणि त्याच क्षणी समोरून झोंबी येतो. माणूस घाबरून कळ दाबतोच. तिथून पुढे गोळ्या कमी पडल्या तरी घर, अंगण, गोदाम सगळं शस्त्रागार होतं: रंगाचा डबा, पेटणारा बॅरल, रेडिएटर. असं शिकवणं मला दुसऱ्या गेममध्ये क्वचित दिसलं.

किनाऱ्यावरच्या वाळूचंही तेच. वाळूवर पाय पडला की खालून अँटलायन निघतात, म्हणून फळ्या, पत्रे, दगड असं एकेक टाकत पाय न टेकवता जावं लागतं. तासभर त्या वाळूची धास्ती घेतल्यावर तुम्हाला बगबेट मिळतं आणि तेच किडे तुमच्या मागे धावायला लागतात. मग त्यांना घेऊन नोव्हा प्रॉस्पेक्टचा तुरुंग फोडायचा. ज्या वाळूत जपून चालत होतो तिथे आता मुद्दाम पाय आपटत जायचं. दुसरा भाग असा असावा, खेळाडूने शिकलेलंच उलटं करून त्याच्या हातात द्यावं.

आता जे जमलं नाही ते. सबमशीनगन हलकी आहे, गोळी लागल्याचं वजन जाणवत नाही. पल्स रायफल चांगली, पण तिच्या गोळ्या फार थोड्या बाळगता येतात. क्रॉसबो आणि शॉटगन सोडली तर बाकी बंदुका आठवणीत राहत नाहीत. सैनिक त्याहून निराश करतात. 1998 च्या पहिल्या भागात ब्लॅक मेसा या प्रयोगशाळेतले फौजी तुम्ही आडोशाला बसलात की ग्रेनेड टाकून बाहेर काढायचे, बाजूने यायचे. इथले कम्बाइन सैनिक रेडिओवर भरपूर बोलतात आणि मग बोळातून सरळ तुमच्या बंदुकीसमोर येतात.

होडीचा भाग लांबला आहे. त्यात तीच ती फाटकं, तीच थांबाथांब, उतरा, चाक फिरवा, परत चढा. शेवटची हेलिकॉप्टरशी झुंज उत्तम, पण तिथे पोचेपर्यंत निम्मे कंटाळतात. शेवटी कम्बाइनच्या सिटाडेल या मनोऱ्यात सगळ्या बंदुका काढून घेतात, ग्रॅव्हिटी गन निळी होते आणि माणसं उचलून फेकता येतात. पहिली पाच मिनिटं भारी. पण आव्हान संपलेलं असतं, आणि शेवटाचा खरा शेवट होतच नाही: स्फोट, वेळ थांबते, जी-मॅन नावाचा सुटातला गूढ माणूस येऊन तुम्हाला घेऊन जातो.

तुमचं काय मत आहे ते लिहा. विशेषतः सैनिकांबद्दल.


रातपाळी · रविवार, रात्री 10:02

भाऊ, जबरदस्त लिहिलं. म्या परतवाड्याले नेट कॅफे चालवत होतो त्या काळात. आमच्याकडे सगळे पोट्टे काउंटर-स्ट्राइक 1.6 चे. लायनीत बसून डस्ट 2 खेयत, पण थे काउंटर-स्ट्राइक मुळात हाफ-लाइफच्या मॉडमधून, म्हंजे खेयाडूइनं सोताच केलेल्या बदलातून, निंघालं, हे दहातल्या आठाइले माहीत नव्हतं. दुसरा भाग आला तवा मले वाटलं आता पोट्टे याच्यावर तुटून पडतीन. नाई पडले. कारन एकच, हा एकट्यानं खेयाचा गेम. कॅफेत तासाचे पैसे देऊन कोनी कथा पाह्यत नाई.

अन् त्या वेळची मोठी तक्रार धाग्यात आली नाई म्हनून लिहितो. एकट्यानं खेयाचा गेम असूनही स्टीमवर, म्हंजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सेवेवर, नोंदवल्याशिवाय चालूच होत नव्हता. 2004 साली ही अट लोकाइले भलती जाचली, जगभर बोंब झाली. आपल्या इकडे तर नेट म्हंजे टेलिफोनची तार, पाऊस आला की बंद. विकत घेतलेला डबा हातात हाय अन् गेम उघडत नाई, हे कोनाले पटन? आज स्टीम सगळ्याइच्या सवयीचं झालं म्हनून लोक इसरले, पन त्या गेमचा हिशेब मांडताना हेही धराले पायजे.

एक गोष्ट मात्र आपल्यासाठी सोन्यासारखी. कुठंही सेव्ह करता येते. एफ 6 दाबलं की झालं, एफ 9 नं परत तिथंच. नव्या गेममधी चेकपॉइंट येईपर्यंत लाईन गेली की अर्धा तास वाया. रात्री शेतपंपाले थ्री फेज देतात तवा गावची लाईन कशी उड्या मारते तुमाले ठाऊकच हाय. माह्या पुतन्यानं हा गेम पुरा केला थो निव्वळ एफ 6 च्या जोरावर.


आडवाट · रविवार, रात्री 11:15

धागा चांगला आहे, पण काळीमाती भाऊ, तुम्ही गेमला फार सांभाळून घेतलंत असं मला वाटतं. मी मेहकरचा, पहिला भाग आधी खेळून मग दुसरा खेळलेला माणूस. माझी निराशा तुमच्यापेक्षा मोठी आहे.

2004 या एका वर्षात काय काय आलं ते पाहा. मार्चमध्ये फार क्राय आला. बेटावर कुठूनही शिरा, सैनिक तुम्हाला शोधत जंगलभर पांगतात, मागून येतात. ऑगस्टमध्ये डूम 3 आला. 9 नोव्हेंबरला हेलो 2 आला, त्यात दोन हातांत दोन बंदुका आणि शत्रूची गाडी हिसकावून घेण्याची सोय. या तिघांच्या रांगेत ठेवलं तर हाफ-लाइफ 2 ची लढाई सर्वांत साधी आहे. ती नळीतली लढाई आहे. रस्ता एकच, दार एकच, तुम्ही दाराच्या एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला. सैनिकांना बाजूने यायचं कसं, बाजूच नसेल तर?

म्हणजे सैनिक मठ्ठ आहेत यापेक्षा त्यांना वावरायला जागा दिलेली नाही, हे माझं मत. नोव्हा प्रॉस्पेक्टमध्ये जिथे तुम्ही टरेट (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) मांडून बसता तिथे ते निरनिराळ्या दारांनी येतात, टरेट पाडतात, आणि तिथे लढाई एकदम जिवंत होते. हेच सगळीकडे का केलं नाही?

दुसरं म्हणजे नायक गॉर्डन फ्रीमनचं मौन. पहिल्या भागात तो प्रयोगशाळेतला एक शास्त्रज्ञ होता, जीव वाचवत पळत होता, त्याचं न बोलणं चालून गेलं. इथे अख्खं शहर त्याला तारणहार समजतं. अ‍ॅलिक्सचा बाप इलाय व्हान्स त्याला वर्षांनी भेटतो, अ‍ॅलिक्स त्याच्याशी मनातलं बोलते, जुना सोबती बार्नी जुन्या गोष्टी काढतो. आणि हा गप्प. ज्याच्या नावावर उठाव झाला त्याने एका माणसाला एक शब्द बोलू नये? माझा त्यावर विश्वास बसत नाही. कथेत एवढी माणसं आणायची होती तर नायकाला तोंड द्यायला हवं होतं.

शहरातल्या उठावात बरोबर येणारे नागरिक तर डोकेदुखी आहेत. अरुंद जिन्यात नेमके वाट अडवून उभे राहतात. त्यांना वाचवावं असं वाटतच नाही, कारण एक मेला की पुढच्या खोलीत दुसरा तयार असतो.


कोळसापट्टा · सोमवार, सकाळी 7:25

आडवाट भाऊंशी लढाईबद्दल सहमत. पण 'नळी' म्हणून सोडून देण्यासारखा हा गेम नाही, आणि मी ते माझ्या जागेवरून सांगतो.

मी वणीकडचा. आमच्या बाजूला कोळशाच्या खाणीसाठी गावं उठली. माणसं नव्या वसाहतीत गेली, जुन्या गावात भिंती काही वर्षं तशाच होत्या. दारं-खिडक्या, कौलं, लाकूड लोक काढून नेतात. चुलीमागची काळी झालेली भिंत राहते. कॅलेंडरचा खिळा राहतो. देवळीतला तेलाचा डाग राहतो. हायवे 17 च्या भागात गाडी थांबवून मी एका किनाऱ्यावरच्या घरात शिरलो तेव्हा मला आमचं उठलेलं गावच दिसलं. त्या घरात गेमच्या दृष्टीने होतं काय, तर थोड्या गोळ्या आणि डोक्यावर झेप घेणारा एक हेडक्रॅब. पण गादी, मोडकी खुर्ची, भिंतीवरचे पोपडे असे मांडलेले होते की इथून माणसं स्वतःच्या मर्जीने गेलेली नाहीत हे लगेच कळावं.

हे आपोआप होत नाही. शहराचं रूप ठरवणारे व्हिक्टर अँटोनोव्ह हे बल्गेरियातल्या सोफियाचे. सिटी 17 मध्ये जुन्या पूर्व युरोपातल्या इमारती, ट्रामच्या तारा, सोव्हिएत काळातले बसके ब्लॉक आहेत, आणि त्यांच्या मधून कम्बाइनचा निळसर काळा धातू इमारती फोडत पुढे सरकतो. परग्रहावरचं सगळं भलतं आणि चकचकीत दाखवायचा मोह त्यांनी टाळला. खालचं ओळखीचं ठेवलं, म्हणून वरचं परकं वाटतं. अँटोनोव्ह 2025 मध्ये गेले. त्यांचं काम अजून कुणाला मागे टाकता आलेलं नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तेव्हा 'एकच रस्ता' हा दोष आहेच, पण त्या एकाच रस्त्यामुळे प्रत्येक खोली कुणीतरी हाताने मांडलेली आहे. मोकळ्या मैदानाच्या गेममध्ये शंभर घरं असतात आणि सगळी एकाच साच्यातली. दोन्ही एकदम मिळायचं नाही.


पळसफूल · सोमवार, दुपारी 2:40

मी वडश्याला शाळेत विज्ञान शिकवते. घरी मुलगा हा गेम खेळत होता, ते बघता बघता मीच खेळायला लागले.

कालव्याच्या भागात एक जागा येते: मध्यावर टेकवलेली लांब फळी, आणि बाजूला सिमेंटच्या विटांचा ढीग. फळीच्या एका टोकावर विटा रचल्या की दुसरं टोक वर जातं, मग पळत जाऊन वरच्या कठड्यावर उडी मारायची. हा सरळ तरफेचा प्रयोग आहे. नववीच्या वर्गात मी आधी तोंडी विचारलं, विटा टेकूजवळ ठेवू की टोकाला? निम्म्या वर्गाचं उत्तर चुकलं. मग प्रोजेक्टरवर तेच दाखवलं. दुसऱ्या ठिकाणी पाण्याखाली रिकामी पिंपं ढकलून उतरता पूल वर उचलावा लागतो, तिथे उत्प्लावन बल आलं. हॅवॉक नावाचं भौतिकीचं इंजिन त्यांनी वापरलं आहे. त्या काळात अशी इंजिनं दुसऱ्या गेममध्येही होती, पण तिथे ती बहुधा प्रेतं घरंगळायला आणि खोकी पडायला. इथे वजन, टेकू, तरंगणं यावर वाट अडवली आहे.

तक्रार एवढीच की हे पहिल्या अर्ध्यात भरभरून येतं आणि पुढे आटतं. तरफेच्या पुढची पायरी, कप्पी, दोलक, काही नाही. इंजिन हाताशी होतं, थोडं अवघड काही विचारायला हवं होतं.

चेहऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची जी पद्धतशीर वर्गवारी केली, तिच्या आधारे या पात्रांचे चेहरे हलवले आहेत. म्हणून अ‍ॅलिक्सच्या भुवईतला बदल संवादाआधी दिसतो. अ‍ॅलिक्स हे पात्रच मोठं बलस्थान आहे. तिला कुठे वाचवावं लागत नाही, ती कुलपं तोडते, यंत्रं चालवते, वडिलांची थट्टा करते, आणि तिचा पोशाख काम करणाऱ्या बाईचा आहे. माझ्या मुलीने तिच्यासाठी पुढचं खेळायला घेतलं.

पण डॉ. मॉसमन या शास्त्रज्ञ बाईचं पात्र वाया घालवलं. ती फितूर आहे हे कळतं, आणि शेवटी ती अचानक बाजू बदलून मदत करते. मधे काय झालं, तिने कम्बाइनशी हातमिळवणी का केली, कशाने मन पालटलं, याला चार वाक्यंसुद्धा नाहीत. फितुरी एवढी मोठी गोष्ट घाईत उरकायची नसते.


मेळघाटी · सोमवार, रात्री 8:05

दादा-ताई, मी धारणीचा, बारावीत आहे. तुमचा धागा वाचून गेम घेतला. स्टेशनचा भाग खूप आवडला. पण दोन अडचणी आहेत. कालव्यात होडी आली की पंधरा-वीस मिनिटांत मला गरगरतं, मळमळतं, बंद करावं लागतं. पबजी-फ्री फायर कितीही खेळलो तरी असं होत नाही. आणि दुसरं, बोललेलं इंग्रजी पटकन कळत नाही. काय करू?


काळीमाती · सोमवार, रात्री 9:30

मेळघाटी, गरगरण्याचं कारण नजरेचा कोन. गेम मुळात 75 अंशांवर लावलेला असतो, म्हणजे स्क्रीनवर आजूबाजूचं कमी दिसतं आणि तू जवळ बसलेला असतोस. वेगात वळलं की डोळ्यांना ते झेपत नाही. तू म्हणतोस त्या मोबाइलच्या खेळांत कॅमेरा बहुतेक वेळ पात्राच्या पाठीमागे असतो, म्हणून तिथे होत नाही. ऑप्शन्समध्ये व्हिडिओच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू आहे, तो 90 कर. खोलीत लाइट चालू ठेव आणि स्क्रीनपासून हातभर लांब बस. हा त्रास अनेकांना होतो, तुझ्यात काही कमी नाही.

भाषेसाठी ऑडिओच्या सेटिंगमध्ये सबटायटल्स चालू कर. मराठीत नाहीत, पण वाचलेलं इंग्रजी ऐकलेल्यापेक्षा सोपं जातं. ब्रीनचं भाषण अवघड आहे, ते सुटलं तरी अडत नाही.

आडवाट भाऊ, जागेचा मुद्दा मान्य. टरेटच्या लढाईचं उदाहरण अगदी नेमकं आहे, कारण तिथेही गोळीबारापेक्षा तुम्ही टरेट कुठे उचलून ठेवता यावर सगळं ठरतं. म्हणजे जिथे ग्रॅव्हिटी गन लढाईत शिरली तिथे लढाई सुधारली. पण फ्रीमनच्या मौनाबद्दल माझं मत वेगळं आहे. तो बोलला असता तर डबा फेकायचा की कचरापेटीत टाकायचा हा निर्णय त्याचा झाला असता, माझा राहिला नसता.

पळसफूल ताई, मॉसमनबद्दल शंभर टक्के सहमत.

टॉर्चचं लिहायचं राहिलं. टॉर्च आणि धावणं दोन्ही एकाच बॅटरीवर आहे. रेवनहोमच्या अंधारात वेगवान झोंबी कौलांवरून उड्या मारत येतात, तुम्ही पळता, आणि पळून थांबलात की टॉर्च लागत नाही. ही भीती नाही, छळ आहे. त्यांनाही ते कळलं असावं, एपिसोड टू मध्ये टॉर्चची बॅटरी वेगळी केली.


आडवाट · सोमवार, रात्री 10:20

डूम 3 मध्ये तर टॉर्च धरली की बंदूक खाली ठेवावी लागायची, त्यापुढे हे परवडलं. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे.

मौनाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. डबा फेकण्याचा निर्णय माझा राहावा, पण इलाय व्हान्स समोर बसून बोलतो तेव्हा मला उत्तर द्यायचं असतं, आणि ते देता येत नाही. तिथे तर माझा निर्णय कुणीच विचारत नाही.

आणि शेवटाचं काय? दुसऱ्या भागावर बोलताना तिसऱ्याचा विषय टाळून चालणार नाही. 2006 ला एपिसोड वन, ऑक्टोबर 2007 ला एपिसोड टू. त्याच्या शेवटी इलाय व्हान्स मुलीच्या डोळ्यांदेखत मरतो. आणि तिथे थांबले. एपिसोड थ्री कधीच आला नाही. ज्या लेखकाने ही कथा लिहिली त्या मार्क लेडलॉ यांनी 2017 मध्ये आपल्या संकेतस्थळावर पात्रांची नावं बदलून पुढचं कथानक पत्ररूपात टाकलं. लोकांनी ते वाचूनच समाधान मानलं. मला हे मान्य नाही. लोकांचा जीव अशा ठिकाणी टांगून ठेवायचा तर पुढचं सांगण्याची जबाबदारी येते.


कोळसापट्टा · मंगळवार, सकाळी 6:50

नोव्हेंबर 2024 मध्ये वीस वर्षं झाली तेव्हा व्हॉल्वने एक माहितीपट काढला, गेम काही दिवस फुकट दिला, दोन्ही एपिसोड त्यातच घातले आणि बनवणाऱ्यांचं निवेदनही जोडलं. त्या माहितीपटात व्हॉल्वचे सहसंस्थापक गेब न्यूवेल यांचं म्हणणं असं आहे की एपिसोड थ्री काढून खेळात नवीन काय पुढे जाणार हे त्यांना सापडलं नाही, आणि निव्वळ कथा पुढे न्यायची म्हणून गेम काढणं हा आळस ठरला असता.

मला यात प्रामाणिकपणा दिसतो. हाफ-लाइफ 2 ला ग्रॅव्हिटी गन होती, पुढे 2020 ला हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स व्हीआरवर आला आणि त्याने कथेची तीच अडकलेली जागा हलवली. पण आडवाट भाऊ म्हणतात तेही खरं, कारण व्हीआरचा चष्मा आपल्या तालुक्यात कुणाकडे आहे? ज्यांनी जुन्या लॅपटॉपवर एपिसोड टू संपवला त्यांना पुढची गोष्ट यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहूनच कळली. कथा अशा दाराआड नेऊन ठेवणं माझ्याही मनाला लागलं.


रातपाळी · मंगळवार, दुपारी 1:15

शेवटाबद्दल माहं म्हननं वेगळं हाय. जी-मॅन येऊन घेऊन जाते, हे पहिल्या भागातही झालं होतं. तिथंही खेयाडूले नोकरीवर ठेवून गायब केलं. म्हंजे या गेममधी तुम्ही मोकळे कधीच नसता, कोनीतरी तुमाले वापरून रायला. अख्ख्या शहराले मोकळं केलं अन् सोताच बंदिस्त राह्यलं. मले तरी थो शेवट बरोबर वाटते. फुकाचा गोड शेवट असता तर म्या इसरलो असतो.

अन् या इंजिनानं पुढं काय दिलं तेही पाहा. 2007 चा पोर्टल याच इंजिनावर. गॅरीज मॉड याच्यातूनच निंघाला. आमच्याकडच्या एका पोट्ट्यानं त्या मॉडमधी आपल्या गावच्या बैलपोळ्याचा मॅप केला होता, तोरन, मखर, सगळं. एका गेमच्या वस्तू उचलून असं करता येते, हे त्या गेमचं मोठेपनच म्हना.


मेळघाटी · बुधवार, रात्री 9:45

काळीमाती दादा, 90 केलं आणि लांब बसलो. मळमळ जवळजवळ थांबली. होडीवर तोफ बसवून मिळाली, हेलिकॉप्टर पाडलं. ते सुरुंगांचा पाऊस पाडतं तेव्हा एका जागी थांबलं की संपलं, गोल गोल फिरत राहावं लागलं. ते झाल्यावर होडीचा भाग लांब आहे हे खरं वाटलं, पण मला कंटाळा नाही आला. बोगद्यातून बाहेर आलं की धरणाची भिंत दिसते ती जागा मला फार आवडली.

आता डॉगबरोबर चेंडू खेळतोय. पुढे रेवनहोम आहे ना? माझ्याकडे शॉटगनच्या गोळ्या कमी आहेत.


आडवाट · बुधवार, रात्री 10:10

शॉटगन तुला रेवनहोममध्येच फादर ग्रिगोरी देईल, त्याआधी तिची चिंता नको. पिस्तूल राखून ठेव. सुरुवातीच्या खोलीतली दोन पाती बरोबर घे, एक फेकलं की परत ओढून घेता येतं, तुटत नाही. काळे विषारी हेडक्रॅब अंगावर बसले की तब्येत एकदम एकवर येते. घाबरू नकोस, अंगातला सूट हळूहळू ती भरून काढतो, तेवढा वेळ आडोशाला थांब. आणि टॉर्च लावून धावू नकोस.